नऊदिवसे

माझ्या वडिलांना आमच्या गल्लीत फार थोडे लोक नावानं ओळखायचे. बाकीच्यांसाठी ते ‘नऊदिवसे’. हे आमचं आडनाव नव्हे. नव्याचे नऊ दिवस, म्हणून नऊदिवसे. समोरच्या शिंपीकाकांनी ठेवलेलं हे नाव इतकं घट्ट बसलं की एकदा नव्या पोस्टमननं त्याच नावानं घर विचारलं आणि टपाल बिनचूक आमच्याकडे आलं. बाबांना त्याचा राग नव्हता. “शिंपी आहे तो,” ते म्हणायचे, “माप बरोबरच घेणार.”

बाबांना छंद लागायचे. ताप यावा तसे. आधी दोन दिवस गप्प गप्प असायचे, जेवताना लक्ष नसायचं, आणि मग एका संध्याकाळी कामावरून येताना हातात काहीतरी असायचं. माझ्या जन्माआधी कबुतरं झाली होती. माझ्या लहानपणी मासे झाले, मग उघडे पडलेले रेडिओ, मग तोंडानं वाजवायचा बाजा, मग डब्यांतली झाडं, मग ससे, मग लाकूड कोरणं. सुरुवात वाजतगाजत व्हायची. घरभर त्याच गोष्टी, पाहुण्यांनाही तेच, मलाही शेजारी बसवून तेच. शेवट मात्र कुणाला दिसायचा नाही. एक दिवस आपल्या लक्षात यायचं की बाजा कपाटावर गेलाय आणि त्यावर धूळ आहे.

पण बाजा कपाटावर ठेवता येतो. माशांना ठेवता येत नाही. बाबांचा छंद सुटला तरी जनावरांची भूक सुटायची नाही, आणि ती आईच्या वाट्याला यायची. माशांच्या टाकीतलं पाणी तिनंच बदललं, शेवटचा मासा उलटा तरंगेपर्यंत. सशांचे पिंजरे तिनंच खरवडले. ती सकाळी एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची, दुपारी घरी यायची आणि चप्पल काढायच्या आत पिंजऱ्याकडे बघायची.

“छंद यांचे,” ती म्हणायची, “आणि पोटं माझ्या गळ्यात.”

तरी जनावरं तिच्याकडे ओढली जायची, हेही खरं. ती त्यांच्याशी लाडानं बोलायची नाही, कुरवाळायची नाही. खायला द्यायची आणि बाजूला व्हायची. ससा बाबांच्या मांडीवर थरथरायचा आणि आईच्या पायांत मात्र निवांत झोपायचा.

एकाच ठिकाणी बाबा टिकले होते, ते म्हणजे कामावर. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. ऐन तरुणपणी एका दुकानात शिकायला बसले ते तिथेच राहिले, त्याच स्टुलावर. गोदामातले माणूस उभा राहील एवढे काटे यायचे आणि सराफांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटेही यायचे. छोटी वजनं ते चिमट्यानं उचलायचे. बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो म्हणे. आई एकदा म्हणाली, “तिथं बरं तुमचं मन लागतं?” बाबा म्हणाले, “तिथं पारडं स्थिर झाल्याशिवाय उठताच येत नाही.”

आईला त्यांच्या धरसोडीची चीड नव्हती, भीती होती. ती भीती तिला माझ्या आजीनं, म्हणजे बाबांच्या आईनं, लग्नानंतर लगेच देऊन ठेवली होती. माझे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनाही असेच नाद. कुस्ती झाली, पतंग झाले, पक्षी पाळून झाले. बाबा सात-आठ वर्षांचे असताना परगावी पाट्यांचं मोठं काम मिळालं म्हणून ब्रशांची पेटी घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. आजी हे सांगताना रडायची नाही. सुपारी कातरावी तसं तुकडे करून सांगायची आणि शेवटी म्हणायची, “त्यांचा मीही एक छंदच होते.” मग आईकडे वळून म्हणायची, “रक्त तेच आहे गं. लक्ष ठेव.”

आईनं जन्मभर लक्ष ठेवलं. बाबांना घरी यायला उशीर झाला की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि ते कोपऱ्यावर दिसले की पटकन आत येऊन भांडी घासायला लागायची. त्यांना हे कधीच कळलं नाही. मला कळायचं.

आजी गेल्यावर काही वर्षांनी बाबांना जुन्या फोटोंचा नाद लागला. पेटीतले फोटो काढून ते पुठ्ठ्यावर चिकटवायचे, खाली नावं लिहायचे. ज्यांची नावं आठवत नव्हती त्यांच्यासाठी म्हाताऱ्या नातेवाइकांकडे चकरा सुरू झाल्या. मला वाटलं, हेही महिनाभरात कपाटावर जाईल. पण त्या ढिगात आजोबांचा एक फोटो होता, शिडीवर उभे असतानाचा, पाठमोरा, फक्त एक कान आणि गाल दिसणारा. बाबा तो फोटो घेऊन आजोबांच्या बहिणीकडे, म्हणजे त्यांच्या मोठ्या आत्याकडे गेले. आत्याला ऐकू कमी यायचं, पण बाकी सगळं शाबूत होतं. फोटोवरून बोट फिरवत ती म्हणाली, “बारीक झाला होता नंतर.”

बाबा म्हणाले, “नंतर म्हणजे?”

मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. पण शब्द सुटले होते. आजोबा कुठे गेले ते सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर एका गावात त्यांनी दुसरं घर केलं होतं. आजीलाही माहीत होतं. तिनंच सगळ्यांना शपथ घातली होती की पोराला सांगायचं नाही.

“पण का?” बाबांनी विचारलं.

“म्हणाली, पोरगं मागे धावेल. आणि तो काही मागे वळून बघायचा नाही.”

बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. दोन घास खाऊन म्हणाले, “मी जाऊन येतो.” आईनं ताटातला भात सारखा केला, मोडला, परत सारखा केला. त्या वेळी मी नोकरीला लागले होते आणि घरीच राहत होते. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

“तू रजा टाक आणि यांच्याबरोबर जा.”

“अगं, ते काय लहान आहेत?”

“लहान नाहीत म्हणूनच. हे तिकडेच राहिले तर?”

आम्ही गेलो. पत्ता म्हणजे फक्त गावाचं नाव आणि आत्यानं सांगितलेली एक गोष्ट: दुसऱ्या घरचा मुलगा सलून चालवतो, बाजाराच्या मागे. सलून सापडायला वेळ लागला नाही. दोन खुर्च्या, दोन आरसे, साबणाचा आणि ओल्या टॉवेलचा वास. चालवणारा माणूस बाबांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल, जाड, शांत, सावकाश हालचालींचा. बाबा बाकावर बसले आणि बसूनच राहिले. असल्या गोष्टीची सुरुवात कशी करायची हे कुणालाच शिकवलेलं नसतं. आमचा नंबर आला तेव्हा त्या माणसानं खुर्ची झटकली.

“केस की दाढी?”

“दोन्ही,” बाबा म्हणाले आणि जाऊन बसले. मी बाकावरून आरशात बघत राहिले.

त्यानं पाणी मारलं, कंगवा फिरवला आणि हसला. “दोन भोवरे आहेत हो तुमच्या डोक्यावर. दोन लग्नं केलीत काय?”

“मी एकच,” बाबा म्हणाले. “दोन माझ्या वडिलांनी केली. पाट्या रंगवायचे ते.”

कात्री थांबली. रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत होतं, तेवढाच आवाज. मग कात्री परत सुरू झाली, आधीपेक्षा हळू.

“थोरल्या घरचे का तुम्ही?”

“हो.”

“कधीतरी कुणीतरी येईल असं वाटायचं. पण मला वाटलं होतं भांडायला येईल.”

“मी भांडायला नाही आलो.”

“मग मान सरळ ठेवा,” तो म्हणाला.

केस कापता कापता त्यानं सांगितलं. तो चौथीत असताना आजोबा त्यांच्याही घरातून गेले. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी अंघोळ करून गेले. “आम्हाला वाटलं, तुमच्याकडे परत गेले. माझी आई मरेपर्यंत तुमच्या आईला शिव्या घालत होती.”

“आमच्याकडे नाही आले,” बाबा म्हणाले.

“नाही?”

“नाही.”

दोघंही एकमेकांकडे आरशातच बघत होते. वळून कुणी बघितलं नाही. मग त्या माणसानं, आता त्याला काका म्हणायला हवं, बाबांच्या गालावर साबण लावला आणि म्हणाला, “मागच्या हिवाळ्यात वारले ते. म्हातारपणी याच गावात परत आले होते. नदीपलीकडे एक इस्त्रीवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडे खोली घेऊन राहायचे. त्यांना ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं निरोप दिला होता मला.”

“मग?”

काका वस्तरा पुसत राहिले. “दुकानात गिऱ्हाईक होतं,” ते म्हणाले.

निघताना त्यांनी बाबांच्या मानेवरचे केस मऊ ब्रशनं झटकले. झटकून झाले तरी थोडा वेळ झटकत राहिले. मग दारापर्यंत येऊन नदीचा रस्ता दाखवला.

इस्त्रीवाल्या बाईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. भिंतीला लागून कपड्यांचे गठ्ठे, मधे टेबल, टेबलावर जळके डाग पडलेली जाड चादर. बाई बोलायला मोकळ्या होत्या, पण इस्त्री थांबवत नव्हत्या. बाबांनी ओळख सांगितली तेव्हा त्या क्षणभर बघत राहिल्या.

“त्यांना मुलगा होता?”

“दोन,” बाबा म्हणाले.

“कमाल आहे. मला वाटायचं त्यांना कुणीच नाही.”

“माझ्याबद्दल कधी काही बोलले?”

“अहो, ते कुणाबद्दलच बोलायचे नाहीत. चांगले होते. त्रास नाही दिला कधी. सुरुवातीला काय काय आणायचे. पिंजरे आणले, रंग आणले, वीणकामसुद्धा करून बघितलं एकदा, पुरुष माणूस! सगळं आठवड्या-दोन आठवड्यांचं. मग हा आला.” त्यांनी इस्त्रीनंच टेबलाखाली खूण केली. “हा आला आणि बाकीचं सगळं बंद झालं.”

टेबलाखाली एक कुत्रा झोपला होता. तपकिरी रंगाचा, तोंडाशी पांढरा झालेला, एका कानाचा तुकडा गेलेला. एका डोळ्यावर पांढरट सारा आला होता. आमच्या बोलण्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

“पिल्लू होता तेव्हापासून त्यांच्याकडे. म्हणजे किती वर्षं झाली बघा. याला सोडून म्हातारा एका दिवसासाठी कुठे गेला नाही. पुतणीच्या लग्नाला मी ‘चला’ म्हटलं तर म्हणाले, हा एकटा कसा राहील?”

बाबा खाली बसले, जमिनीवरच. मला वाटलं त्यांना चक्कर आली. पण ते कुत्र्याकडे बघत होते. सराफाचा काटा दुरुस्तीला आला की ते ज्या नजरेनं त्याच्याकडे बघायचे तसं, कुठे बिघाड आहे ते शोधत असल्यासारखं. फक्त इथे बिघाड कुत्र्यात शोधत नव्हते, हे मला तेव्हाही कळलं. ज्या माणसाला बायको धरून ठेवू शकली नाही, मुलं धरून ठेवू शकली नाहीत, त्याला या प्राण्यानं कशानं धरून ठेवलं, ते शोधत होते.

“याचं नाव काय?” त्यांनी विचारलं.

“नावानं कधी हाक मारलेली ऐकली नाही. शीळ घालायचे.”

“कशी?”

बाईंनी ओठ गोल करून बघितलं. जमलं नाही. हसल्या. “नेणार असाल तर न्या. माझ्याच्यानं आता होत नाही. धुतलेल्या कपड्यांवर जाऊन झोपतो मेला.”

बसच्या कंडक्टरनं कुत्रं बघताच हात आडवा केला. शेवटी आमच्या बाजूला भाजीची रिकामी खोकी घेऊन जाणारा एक टेंपो मिळाला आणि आम्ही तिघं मागे, खोक्यांमध्ये बसून आलो. बाबा वाटभर शिळा घालून बघत होते. लांब, आखूड, चढत जाणारी, उतरत जाणारी. कुत्र्यानं एकदाही मान वर केली नाही.

आईनं दार उघडलं. तिनं आधी बाबांना बघितलं, नीट, डोक्यापासून पायापर्यंत, आणि तिचे खांदे सैल झालेले मी बघितले. मग तिला कुत्रा दिसला.

“हा किती दिवस?”

“हा कायमचा,” बाबा म्हणाले.

आई दारातून बाजूला झाली. हे वाक्य तिनं कबुतरांपासून ऐकलं होतं.

पण या वेळी खरंच वेगळं झालं. बाबा सकाळी उठून त्याला फिरवायला न्यायचे. त्याचे दात गेलेले, म्हणून दुधात पाव कुस्करून द्यायचे, त्यात अंडं मिसळायचे. जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेलं औषध डोळ्यात घालायचे. आपल्या खाटेशी त्यांनी जुन्या रजईची घडी घालून त्याचा बिछाना केला. शिंपीकाका महिनाभर वाट बघत होते, मग दुसरा महिना, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांनी गॅलरीतून ओरडून सांगितलं, “नऊदिवसे, तुमचं नाव बदलावं लागणार!” बाबा हसले, पण फार नाही.

आई हे सगळं बघायची. एकदा माशांच्या जुन्या टाकीत कांदे ठेवता ठेवता ती मला म्हणाली, “एवढी वर्षं मी यांची जनावरं सांभाळली. एक दिवस कधी पाण्याची वाटी उचलली नाही यांनी. आणि ज्या माणसानं यांना टाकलं त्याच्या कुत्र्यासाठी हे पहाटे उठतात.”

“बाबांना त्यातून काहीतरी हवं असेल,” मी म्हटलं.

“मला कळत नाही का ते?” आई म्हणाली. “कळतं म्हणून तर बोलत नाही.”

आणि नेमकं व्हायचं तेच झालं. कुत्रा आईच्या मागे लागला. बाबांच्या हातचं खायचा, बाबांच्या साखळीनं फिरायचा आणि घरी आला की सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पायाशी पडायचा. आई दवाखान्यातून यायच्या वेळी दाराशी जाऊन बसायचा. बाबा कामावरून आले की नुसती शेपटी एकदा हलवायचा, ओळखीच्या माणसाला मान डोलवावी तशी. बाबा त्याला उचलून आपल्या खाटेशी नेऊन ठेवायचे. थोड्या वेळानं बिछाना रिकामा असायचा.

“तू काय करतेस त्याला?” बाबांनी एकदा विचारलं. आवाजात चेष्टा होती, पण खाली दुसरंच काहीतरी होतं.

“मी काही करत नाही.”

“माझ्याकडे यायला त्याला काय होतं?”

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मी जेवत होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. आईला दिसला. ती म्हणाली, “येईल. म्हातारं जनावर आहे, वेळ लागतो.”

दुसऱ्या दिवसापासून आईनं स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. आमच्याकडे ते दार कधी लावलेलं मला आठवत नाही. त्यामागे झाडू टांगलेला असायचा. आता ती आत गेली की कडी. कुत्रा पायाशी आला तर पाय बाजूला घ्यायची. दाराशी वाट बघत बसलेला दिसला तर त्याच्याकडे न बघता ओलांडून जायची. मी विचारलं तर म्हणाली, “त्याला यांची सवय लागू दे. मी मधे आले नाही तर लागेल.” जन्मभर ज्या प्राण्यांना तिनं मागितलं नव्हतं, ते तिच्या वाट्याला आले होते. हा एक तिला हवासा वाटायला लागला होता, हे मला दिसत होतं, आणि याच एकाला ती सोडत होती.

कुत्र्याला काय कळणार? तो दाराबाहेर बसायचा. कधी पंजानं दार खरवडायचा. आत आई बटाटे सोलत असायची, जोरजोरात. तरी तो बाबांकडे गेला नाही. नुसता जास्त झोपायला लागला आणि कमी खायला लागला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

एका दुपारी मी कामावर होते, बाबा दुकानात. आई दवाखान्यातून आली, दाराशी बसलेल्या कुत्र्याला ओलांडून आत गेली आणि तिनं कडी लावली. खरवडण्याचा आवाज आला, थोडा वेळ आला, मग थांबला. आईला वाटलं, कंटाळला, गेला तिकडे. तिनं भात टाकला, भाजी चिरली. मग पाण्याची बादली आणायला दार उघडायला गेली तर दार उघडेना. बाहेरून काहीतरी टेकलं होतं. तिनं खांद्यानं ढकललं, तेव्हा ते वजन जमिनीवरून सरकल्याचा आवाज आला.

हे तिनं मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मला, आणखी कुणाला नाही. त्याला बघून आधी ती तिथेच बसली. मग उठली. कुत्रा जड होता आणि आईच्या कमरेला उचलणं झेपत नव्हतं, म्हणून तिनं चादर पसरली, त्यावर त्याला घेतलं आणि ओढत ओढत बाबांच्या खाटेपर्यंत नेलं. रजईवर ठेवलं. पाय नीट केले, तोंड बाबांच्या उशीच्या बाजूला केलं. चादर धुऊन वाळत टाकली. आणि बाबा आल्यावर म्हणाली, “दुपारी तुमच्या बिछान्याशी जाऊन झोपला तो. उठलाच नाही.”

बाबा त्याच्याशेजारी बसले. “इथे? स्वतःहून आला?”

“स्वतःहून,” आई म्हणाली.

बाबा रडले. मी त्यांना आजीच्या वेळी रडताना बघितलं नव्हतं. रडून झाल्यावर ते म्हणाले, “शेवटी आला म्हणजे.” दुकानाच्या मागे, जिथे मोडके काटे टाकायचे त्या मोकळ्या जागेत, मालकांना विचारून त्यांनी कुत्र्याला पुरलं. सलूनवाल्या काकांना फोन केला. आतापर्यंत दोघं फोनवर बोलायचे ते हवापाण्याचं, दातांचं, गुडघ्याचं. आज बाबा म्हणाले, “माझ्याच अंथरुणाशी गेला हो तो.” पलीकडून काका काय म्हणाले माहीत नाही. आईनं आत नळ मोठा सोडला.

ते वाक्य बाबा पुढे अनेकांना सांगत राहिले. शिंपीकाकांना, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनासुद्धा. प्रत्येक वेळी आई तिथून उठून जायची. एकदा मी तिला म्हटलं, “जाऊ दे ना, त्यांना बरं वाटतंय त्यानं.” ती म्हणाली, “त्यांना बरं वाटतंय गं. पण तो तर माझ्या दाराशी मेला. मी आत बसून भाजी चिरत होते.” तिच्या दुःखाला कुठे जागाच नव्हती. घरात रडायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो तिनंच त्यांना दिला होता.

माझं लग्न झालं, मी दुसऱ्या भागात राहायला गेले. बाबांचं दुकान बंद झालं; आता काटे बिघडले की लोक नवे आणतात, आकडे दाखवणारे. मला वाटलं होतं, रिकामे झाले की बाबांचे एकावर एक छंद सुरू होतील आणि आईला डोकं वर काढायला सवड मिळणार नाही. तसं काही झालं नाही. कुत्र्यानंतर त्यांना कसलाच छंद लागला नाही. जे शोधत होते ते सापडलं असं त्यांना वाटलं की सापडण्यासारखं काही नव्हतं हे कळलं, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. कपाटावरच्या वस्तू त्यांनी एक दिवस भंगारवाल्याला देऊन टाकल्या. आईनं “ठेवा थोडं” म्हटलं, तरी दिल्या. घर नीटनेटकं झालं. इतकं नीटनेटकं की मी गेले की मला पाय कुठे ठेवावा ते कळायचं नाही.

मागच्या महिन्यात गेले तर आई मला जिन्यातच भेटली. हातात पिंजरा होता, त्यात दोन छोटे हिरवे पक्षी. ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतः जनावरांच्या बाजारात गेली होती. दुकानदारानं काय खायला द्यायचं ते सांगितलेलं तिनं पाठ केलं होतं, माझ्यापुढे घोकून दाखवलं.

“तू? पक्षी?” मी विचारलं.

“त्यांच्यासाठी. परवा मला म्हणाले, आज वार कोणता. मी सांगितला. परत तासाभरानं विचारलं.” ती एका पायरीवर टेकली. “काहीतरी नवीन सुचू दे गं यांना. मग पंधरा दिवसांत सोडू देत. मी बघेन पुढचं.”

आम्ही वर गेलो. बाबा खिडकीशी बसले होते. आईनं पिंजरा त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि बाजूला झाली. बाबांनी पक्ष्यांकडे बघितलं. एक पक्षी तारेला चोच घासत होता.

“छान आहेत,” बाबा म्हणाले. “कुणाचे?”

“तुमचेच,” आई म्हणाली.

“अस्सं,” ते म्हणाले आणि परत बाहेर बघायला लागले. आई थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं पिशवीतून दाण्यांची पुडी काढली, पिंजऱ्याचं छोटं दार उघडलं आणि वाटी भरायला घेतली. मी चहा टाकायला आत गेले.